घरबसल्या कमाईची जाहिरात आली? आधी पैसे मागितले की समजून जा

सोयाबीनचे पैसे उधारी फेडण्यात गेले, मुलांची फी भरायची आहे. अशातच मोबाईलवर जाहिरात येते, ‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिना तीस हजार कमवा.’ गावाकडे जोडधंद्याचे पर्याय मोजकेच, म्हणून विश्वास बसतो. भामटे नेमका याच गरजेचा फायदा घेतात. त्यांचे प्रकार अनेक, पण बहुतेकांची खूण एकच. कामाच्या नावाखाली तुमच्याच खिशातून पैसे जातात.

पॅकिंगचे काम
नामांकित कंपनीचे नाव आणि लोगो वापरून आधी नोंदणीचे पाच-सहाशे रुपये मागतात. मग ओळखपत्र, कुरिअर, जीएसटी अशी एकेक कारणे निघतात. ‘हे परत मिळतील’ असे दरवेळी सांगतात. माल काही येत नाही.

लाईक करा, पैसे मिळवा
टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करायचे किंवा हॉटेलला रेटिंग द्यायचे काम देतात. सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. हाच गळाला लावलेला मासा! पुढे ‘प्रीपेड टास्क’च्या नावाने हजार, मग दहा हजार भरायला लावतात. स्क्रीनवर नफा वाढताना दिसतो, पण तो नुसता आकडा असतो. काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. ग्रुपमध्ये ‘मला पैसे मिळाले’ म्हणणारेही बहुधा त्यांचेच लोक असतात.

डेटा एंट्री
इथे सुरुवातीला एक रुपयाही मागत नाहीत. ऑनलाईन करारावर सही घेतात, पाच-सहा दिवसांत शेकडो फॉर्म भरायला लावतात आणि शेवटी ‘चुका जास्त आहेत, दंड भरा’ म्हणतात. वकिलाच्या नावाने नोटीस, अटकेची धमकीही येते. घाबरू नका. अशी नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. पैसे न भरता ती घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा.

खाते भाड्याने देऊ नका
‘तुमच्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठवा, कमिशन घ्या’ हेही काम नाही. ते पैसे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात. खाते गोठते आणि चौकशी तुमच्या दारात येते.

काम घेण्याआधी
कंपनीच्या मूळ वेबसाईटवरचा नंबर शोधून स्वतः फोन करा. मेसेजमधल्या नंबरवर खात्री करून उपयोग नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

पैसे गेलेच तर
ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार झाली, तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट, चॅट जपून ठेवा. काही डिलीट करू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. ‘गेलेले पैसे काढून देतो, फी द्या’ म्हणणारा दुसरा भामटाच असतो.

अनेकदा लोक घरच्यांच्या भीतीने दोन-चार दिवस गप्प बसतात. बचत गटाचे किंवा उसने घेतलेले पैसे गेले असतील तर आणखीच. तेवढ्यात रक्कम हातची निघून जाते. फसलेल्या माणसाला घरच्यांनी बोल लावण्याआधी १९३० लावून द्यावा.