बैल विकून आणायचे इंजेक्शन



गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची बाळंतीण झोळीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून गाडीने मोठ्या दवाखान्यात आली. बाळ सुखरूप होते, पण आईचे रक्त थांबत नव्हते. तिच्या दिराने मला दाराशी गाठले. "ताई, फॅक्टर सात नावाचं इंजेक्शन असतं म्हणे. लय महाग आहे. बैल विकतो, पण तेच द्यायला सांगा."

मला उत्तर देता आले नाही. नंतर डॉक्टरांकडून समजून घेतले, ते लिहिते.

रक्त गोठवणारे घटक आपल्या शरीरातच असतात. हिमोफिलियात त्यातला एखादा जन्मतःच कमी असतो. फॅक्टर सातचे औषध मुळात अशाच काही रुग्णांसाठी निघाले. १९९९ साली इस्राएलमधल्या एका जखमी सैनिकाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याला हिमोफिलिया नव्हता, तरी या औषधाने रक्तस्राव आटोक्यात आला. मग अपघात, शस्त्रक्रिया, बाळंतपण, सगळीकडे ते वापरले जाऊ लागले. २०१० मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा धमन्यांत गुठळ्या होण्याचे प्रमाण औषध न घेतलेल्यांत ३.२ टक्के, तर घेतलेल्यांत ५.५ टक्के निघाले. म्हणजे जखमेचे रक्त थांबवता थांबवता हृदयाचा किंवा मेंदूचा झटका येण्याची भीती.

शिवाय हे औषध एकट्याने काही करत नाही. गुठळी बांधायला रक्तात प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन लागते. रक्त वाहून गेले की तेही जाते. विटाच नसतील तर गवंडी भिंत कशाची रचणार?

डॉक्टरांनी त्या बाईला आल्याबरोबर वेगळेच, स्वस्त औषध शिरेतून दिले होते: ट्रानेक्झॅमिक ॲसिड. ते गुठळी बनवत नाही, बनलेली विरघळू देत नाही. २०१७ साली वीस हजारांहून अधिक मातांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत ते मिळाले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. उशीर झाला की उपयोग नाही. पिशवी आकसण्याचे इंजेक्शन आणि रक्त मात्र त्यासोबत लागतेच. म्हणून आशाताईंना माझी विनंती, रक्तस्राव कधी सुरू झाला ती वेळ हातावर लिहून पाठवा.

डॉक्टर त्या दिराला म्हणाले, "बैल राहू दे. रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त कमी आहे, तू देशील का?" तो सुईला घाबरत होता. बैल विकायला निघालेला माणूस! मी शेजारी बसले, आणि त्याने दिले.