ओढा एक, मोजणारे पाच

लेंडी नदीचा उगम लातूर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्यातला. वाटेत तिरूशी एकत्र होऊन ती नांदेड जिल्ह्यात उतरते आणि पुढे मांजरेला मिळते. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात सुमारे 206 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यात उदगीर-लातूरकडचे आणि कर्नाटकातले पाणी मिसळले आणि लेंडी धरणाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ यांसारखी गावे पाण्याने वेढली गेली. माणसे दगावली, जनावरे गेली. त्याआधी एप्रिल 2016 मध्ये उदगीरच्याच जिल्ह्यातल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. एवढ्या टोकाच्या दोन संकटांमध्ये जो दुवा आहे, त्या ओढ्या-नाल्यांबद्दल आपल्याकडे लिहून ठेवलेली माहिती किती आहे? धरणात किती टक्के पाणी आहे ते रोजच्या वर्तमानपत्रात येते, विहिरीची पातळी सरकारी यंत्रणा मोजते. पण ओढ्याचे पात्र किती रुंद आहे, त्यात डोह किती उरले, तळाशी खडक आहे की गाळ, काठावर करंज-उंबर उभे आहेत की वेडी बाभूळ माजली आहे, हे पायी फिरून नोंदवणारे पथक क्वचितच दिसते. असे पथक उभे करायचे तर माणसे मिळतील, टेप आणि काठ्याही मिळतील. काम टिकते किंवा बुडते ते पथकप्रमुखावर. पाच जणांना एकच ओढा एकाच नजरेने पाहायला लावणे हे त्याचे मुख्य काम आहे, आणि आपण नेमके तेच दुय्यम धरतो.

ओढ्याचा अधिवास म्हणजे काय, हे आधी पाहू. बेसाल्टच्या या पठारावर पाणी खडकाच्या पायऱ्यांवरून उतरते. मध्येच उथळ, खळाळता भाग लागतो, त्याच्याखाली डोह. खळाळात पाण्यात हवा मिसळते, दगडांखाली किड्यांच्या अळ्या राहतात. डोहात मासे, खेकडे आणि चतुरांच्या अळ्या उन्हाळा काढतात. काठच्या करंज, जांभूळ, अर्जुन, शिंदी यांची मुळे माती धरून ठेवतात, सावलीने पाणी तापत नाही, गळलेल्या पानांवर अळ्या जगतात आणि अळ्यांवर मासे. यातले एक काढले की बाकीचे हलते. काठ उघडा पडला की पहिल्या मोठ्या पावसात माती पात्रात उतरते, दगडांमधल्या फटी गाळाने बुजतात आणि त्या फटींत राहणारे जीव नाहीसे होतात. म्हणून पाहणीत पाण्याच्या नमुन्याबरोबर पात्र, तळ, काठ आणि झाडोरा यांची एकत्र नोंद करतात. ब्रिटनमध्ये 1994 पासून नदी-अधिवासाची जी प्रमाणित पाहणी होते, तिच्यात 500 मीटरचा टप्पा घेऊन दर 50 मीटरवर एक अशा दहा ठिकाणी थांबून ठरलेल्या गोष्टी लिहितात. ती करणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा प्रामुख्याने नजरेची असते.

कारण चूक होते ती नजरेत. डावा काठ कोणता, एवढा साधा प्रश्न घ्या. पाणी ज्या दिशेने वाहते तिकडे तोंड करून डावे-उजवे ठरवायचे, हा संकेत. पण पथक बहुधा प्रवाहाच्या उलट चालते, कारण खालून वर गेले तर पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. चालणाऱ्याचे तोंड वर, संकेत खालच्या दिशेचा. दुपारी दोनच्या उन्हात एकाने जरी आपल्या डाव्या हाताचा काठ डावा म्हणून लिहिला, तर कापलेला काठ कागदावर झाडांनी भरलेला होतो. पात्राची रुंदी कुठून कुठे मोजायची, यातही तसेच. एक जण आजच्या पाण्याची कड धरतो, दुसरा पुराच्या खुणेपासून मोजतो, आणि दोघांच्या आकड्यांत दुपटीचा फरक पडतो. अमेरिकेत रोपर आणि स्कार्नेकिया यांनी 1995 मध्ये दाखवले की, एकाच ओढ्याचे डोह-खळाळ असे वर्गीकरण वेगवेगळ्या निरीक्षकांनी केले की उत्तरे वेगळी येतात, आणि प्रकार जितके बारीक करावेत तितकी ही फारकत वाढते. त्याआधी 1988 मध्ये हॅन्किन आणि रीव्हज यांनी एक व्यवहारी तोड सुचवली होती. सगळे डोह नजरेने अंदाजावेत, पण त्यातले ठरावीक डोह टेपनेही मोजावेत आणि त्या फरकावरून अंदाज करणाऱ्या माणसाचे बाकीचे अंदाज दुरुस्त करावेत. माणसाची नजर चुकते हे गृहीत धरून चूक किती ते मोजायची, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पथकप्रमुखाने पहिला दिवस यासाठीच राखून ठेवावा. सगळ्यांनी एकाच टप्प्याची नोंद एकमेकांना न दाखवता करायची, मग कागद शेजारी ठेवून फरक कुठे आला ते बोलायचे. त्या दिवशी एक किलोमीटरही पुढे सरकले नाही तरी चालेल.

तळाच्या दगडांची मोजणी पाहिली की ही शिस्त नीट कळते. वोलमन यांनी 1954 मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. पात्रात एक पाऊल टाकायचे, खाली न पाहता बोट सोडायचे, बोटाच्या टोकाला जो दगड पहिल्यांदा लागेल तोच उचलायचा. दगडाला तीन मापे असतात, त्यातले मधले मोजायचे, बाजूच्या माणसाला सांगायचे आणि दगड सोडून पुढचे पाऊल टाकायचे. असे शंभर वेळा. अडचण येते ती खाली न पाहण्याची. डोळे उघडे असले की हात नकळत मुठीत मावणाऱ्या गोल गोट्याकडे जातो. बारीक वाळू सुटते, मोठी शिळाही सुटते, आणि कागदावरचा ओढा खऱ्यापेक्षा नीटनेटका होतो. साठाव्या दगडानंतर पाठ भरून येते, तेव्हा ही ओढ आणखी वाढते. त्या वेळी मोजणारा आणि लिहिणारा यांची अदलाबदल करणे हे प्रमुखाचे काम, आणि त्यासाठी त्याने स्वतः त्या पाण्यात उभे असायला हवे.

अशा पाहणीवरचा पहिला आक्षेप सरळ आहे. उदगीरकडचे बहुतेक ओढे जानेवारी-फेब्रुवारीत आटतात, मग कसला अधिवास आणि कसली पाहणी? उलट इथेच नोंदीला जास्त किंमत आहे. आटणाऱ्या ओढ्यात जे दोन-चार डोह मेपर्यंत ओले राहतात, तिथून पावसाळ्यात मासे पुन्हा सगळ्या पात्रात पसरतात. ते डोह कोणते, हे उन्हाळ्यातच कळते. आणि डोहाची खोली पाण्याच्या भरवशावर ठेवण्याचे कारण नाही. लाइल यांनी 1987 मध्ये सुचवलेली युक्ती अशी की, डोहाच्या खालच्या तोंडाशी उंबरठ्यासारखा जो उंचवटा असतो, तिथली खोली डोहाच्या सर्वांत खोल जागेच्या खोलीतून वजा करायची. ओढा वाहत असो की थांबलेला, हा फरक तोच राहतो. म्हणून ऑक्टोबरचा आकडा मेच्या आकड्याशी ताडता येतो. मात्र कोरड्या जागेची नोंद कोरडी म्हणूनच व्हायला हवी. तिथे पोचलो आणि पाणी नव्हते, म्हणजे शून्य. तिथे पोचलोच नाही, म्हणजे रिकामी चौकट. या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसल्या की पाच वर्षांनी कुणीही त्या वेगळ्या करू शकत नाही. पथकप्रमुखाने संध्याकाळी, गाडीत बसण्याआधी, प्रत्येक कागद याच नजरेने तपासावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तीच विहीर, तोच महिना, तीच पद्धत, म्हणून तर पातळी किती खाली गेली हे आज बोलता येते. ओढ्यांना तेवढेच सातत्य मिळाले पाहिजे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. उपग्रह आणि ड्रोन असताना माणसे चिखलात कशाला? पात्राचे वळण, काठावरचा हिरवा पट्टा आणि खोदकामाच्या खुणा वरून छान दिसतात, आणि ती मदत जरूर घ्यावी. पण वरून जो हिरवा पट्टा दिसतो तो करंजाचा की वेड्या बाभळीचा, हे झाडाखाली गेल्यावरच नक्की होते. दोन्ही हिरवे, पण त्यांखाली वाढणारे जग वेगळे. दगडाखालच्या अळ्या आणि फटींतला गाळ तर कुठल्याच छायाचित्रात येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर, आणि तो झटकून टाकता येणार नाही. जिथे रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे चतुरांच्या अळ्या मोजायला पैसा कुठून? लोकांना पाणी हवे. अगदी खरे. पण पाण्यासाठी केलेल्या खर्चाचे काय झाले, हे कशावरून ठरवायचे? डिसेंबर 2014 पासूनच्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण आणि रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. लातूरजवळ मांजरेचे खोलीकरण 2016 मध्ये लोकवर्गणीतून झाले, आणि त्यामागची तळमळ खरी होती. पण सरसकट खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले, त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पुढे 2020 मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितले की, 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही अपेक्षित परिणाम दिसत नाही. समर्थकांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही, आणि वाद तिथेच अडकला. तो अडकतो याचे एक कारण असे की, पोकलेन लागण्याआधी तो ओढा कसा होता, याची पद्धतशीर नोंद सहसा नसते. मशीनने पात्र सरळ, एकसारखे खोदले की डोह आणि खळाळ दोन्ही जातात. काठावर टाकलेला मुरूम पावसात परत खाली येतो. कुठे खोदकामाने विहिरींना खरोखर पाणी वाढले असेल, तर तेही याच नोंदीतून सिद्ध होईल. एका ओढ्याच्या पाहणीचा खर्च मशीनच्या डिझेलपुढे किरकोळ आहे, आणि तो कामाच्या अंदाजपत्रकातच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात, पण तो सुटता कामा नये. इथे पाण्यात पसरलेल्या शेतीपंपाच्या वायरी हा मोठा धोका. पात्रात उतरण्यापूर्वी शेतकऱ्याला भेटून पंप बंद आहे याची खात्री करायची, त्याच भेटीत बांधावरून जाण्याची परवानगीही मागायची. काठच्या गवतात घोणस असते. आणि डोक्यावर ऊन असले तरी वरच्या अंगाला पाऊस पडलेला असू शकतो. लेंडीच्या पुराने ते दाखवून दिले आहे. शंका आली की दिवस रद्द करण्याचा अधिकार प्रमुखाकडे असावा, आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारू नये. उरलेल्या टप्प्यांची घाई असलेला प्रमुख आधी नोंदीत तडजोड करतो, मग माणसांच्या जिवाशी.

शेवटी राहतो गावाचा आक्षेप. आमचा ओढा आम्हाला माहीत आहे, बाहेरच्यांनी येऊन काय सांगायचे? हे म्हणणे बरोबरच आहे. कोणता डोह कोणत्या साली पहिल्यांदा आटला, मरळ कुठे सापडायची, शिंदीची बने कुठवर होती, हे गुराख्याला आणि मासेमारी करणाऱ्या भोयाला ठाऊक असते, कोणत्याही पथकाला नसते. पण ते तोंडी आहे, आणि ते सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत. 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्रामहून सुरू झालेल्या ‘चला जाणूया नदीला’ अभियानाने नदीकाठी जाऊन लोकांशी बोलण्याची वाट घातली, ती चांगलीच होती. त्या संवादाला मोजमापाची जोड द्यायला उदगीरइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. इथे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, विज्ञान शिकवणारी जुनी महाविद्यालये आहेत, आणि उगमाकडचे ओढे गावातून सकाळी निघून दुपारपर्यंत गाठता येतात. पथकात दोन विद्यार्थी, एक मासे ओळखणारा, एक झाडे ओळखणारा आणि एक गावचा जाणता असावा, आणि त्या जाणत्यालाही इतरांइतकेच मानधन मिळावे. त्याने सांगितलेले वेगळ्या रकान्यात, त्याच्या संमतीने, मोजलेल्या आकड्यांत न मिसळता लिहावे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. पाहणीचा एक संच त्या वहीला जोडावा. सोबत टप्प्याच्या सुरुवातीची आणि शेवटाची खूण सांगणारे रेखाचित्र द्यावे, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात दुसरे पथक आले तर ते त्याच दगडापासून मोजायला सुरुवात करेल.