कडप्पा ओव्हनमध्ये चालेल का?

या आठवड्यात पिठाची पाळी होती. एका वाचकाच्या पत्रामुळे ती हुकली. ओटा बांधताना उरलेला कडप्प्याचा तुकडा गच्चीत पडून आहे, तोच ओव्हनमध्ये ठेवला तर वेगळ्या पिझ्झा स्टोनवर पैसे कशाला घालवायचे, असा त्यांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही.

पिझ्झा दगडावर पडला की दोघांच्या मधल्या सीमेवर एक तापमान ठरतं. ते ना दगडाचं असतं, ना पिठाचं. दगड उष्णता किती जोरात सोडतो, त्यावर ते अवलंबून असतं. आंद्रेय वार्लामोव्ह आणि अँड्रियास ग्लाट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी खाद्य-मानववंशशास्त्रज्ञ सेर्जिओ ग्रासो यांच्यासोबत २०१८ मध्ये हाच हिशेब मांडला. लाकडाच्या भट्टीतली वीट ३३० अंशांवर असेल, तर पिझ्झ्याचा तळ २०८ अंशांच्या आसपास राहतो आणि दोन मिनिटांत पिझ्झा तयार होतो. त्याच तापमानाला पोलादी पत्रा ठेवला, तर तळाला तीनशेच्या घरातला चटका बसतो आणि वरचं चीज वितळेपर्यंत खाली कोळसा होतो. मात्र पोलाद २३० अंशांवर आणलं की तळ पुन्हा विटेच्या जवळपास येतो. जाड पोलादी पाट्या घरगुती ओव्हनमध्ये लोकप्रिय झाल्या, त्यामागचं गणित हे.

नेपल्सचे भट्टीवाले उलट्या दिशेने गेले. त्यांची भट्टी चारशे अंशांच्या आसपास पेटलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. म्हणून भट्टीच्या तळाला ते ‘बिस्कोत्तो’ नावाची सच्छिद्र मातीची लादी घालतात. ती उष्णता हात आखडून देते. खानदेशात मांडे उपड्या मातीच्या खापरावर भाजतात, तिथेही माती असाच सावकाश ताव देते.

आता कडप्पा. तो काळा चुनखडक आहे. उष्णता देण्याच्या बाबतीत तो बाजारातल्या पिझ्झा स्टोनच्या फार मागे नाही. अडचण त्याच्या थरांत आहे. गच्चीतल्या पावसात थरांमध्ये पाणी शिरलेलं असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि पापुद्रे उडतात, कधी तुकडाच फुटतो. शहाबादी फरशीचीही तीच गत. ग्रॅनाइटमधली खनिजं तापल्यावर कमी-जास्त फुगतात, त्यातून तडे जातात. शिवाय ओट्याच्या दगडाला चमक आणण्यासाठी किंवा डाग पडू नयेत म्हणून काय चोपडलंय, ते सहसा कुणाला ठाऊक नसतं, आणि पिझ्झा तर थेट त्यावरच ठेवायचा असतो. चकचकीत टाइल्सही याच कारणाने बाद.

चांगले पिझ्झा स्टोन कॉर्डिएराइटचे असतात. हे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट तापल्यावर फारच थोडं प्रसरण पावतं. म्हणून कुंभारकामाच्या भट्टीतल्या फळ्या याच्याच करतात आणि मोटारीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळीही याचीच असते. त्यालाही मर्यादा आहेतच. तापलेल्या दगडावर गार पाणी ओतलं किंवा गोठलेला पिझ्झा टाकला, तर तोही तडकू शकतो. साबण लावू नये, छिद्रांत बसतो. जळकं खरवडून काढावं. डाग राहिले तर राहू द्यावेत.

सगळ्यात जास्त पिझ्झे बिघडतात ते घाईने. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, दगड नव्हे. दगड थंड ओव्हनमध्येच ठेवून, २५० अंशांवर पाऊण तास ते तासभर तापू द्यावा.

तेव्हा गच्चीतला तुकडा कुंडीखाली बरा. पीठ आता पुढच्या आठवड्यात. तोवर वाचकांनी घरातल्या मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती छापली आहेत, ते पाहून ठेवावं. सुरुवात त्या आकड्यापासून होईल.