रंगाच्या डब्यावरचा एक शब्द

इंग्रजी शब्दांच्या आपल्या तासाला आज आम्ही वही नाही, रंगाचा एक रिकामा डबा घेऊन बसलो आहोत. डबा का, ते आधी सांगतो.

दिवाळीच्या आधी आमच्या गटाने लाकडी खेळणी करायला घेतली. भोवरे, खुळखुळे, चाकाची बैलगाडी. लाकूडकाम गावातले सुतारदादा करून देत आणि रंगकाम आम्ही करत होतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, तशी आपलीही नावाजली जावीत अशी हौस होती. तालुक्याच्या प्रदर्शनात एक बाई तान्हं बाळ घेऊन आल्या. पिवळाधमक खुळखुळा उचलून त्यांनी विचारलं, "नॉन-टॉक्सिक आहे ना?" आमची ताई म्हणाली, "हो हो, एकदम!" तिला वाटलं, टिकाऊ आहे का असं विचारतायत. खुळखुळा विकला गेला.

घरी आल्यावर एका ताईच्या दहावीतल्या लेकीने रंगाचा डबा वाचून दाखवला. त्यावर बारीक अक्षरात होतं : 'फॉर इंडस्ट्रियल यूज', 'कंटेन्स लेड'. म्हणजे कारखान्याच्या वापरासाठी, आणि यात शिसे आहे. उरलेली खेळणी आम्ही विकली नाहीत. पण तो एक खुळखुळा गेला तो गेलाच. त्या बाईंचा पत्ता आमच्याकडे नव्हता. ती चुटपुट अजून आहे. म्हणून आजचे शब्द.

पहिला शब्द टॉक्सिक, म्हणजे विषारी. नॉन म्हणजे नसलेला. नॉन-टॉक्सिक म्हणजे विषारी नसलेला.

दुसरा शब्द लेड, म्हणजे शिसे. एल, ई, ए, डी. हीच अक्षरं 'लीड' अशी वाचली तर अर्थ होतो पुढे होऊन नेणे. त्यातूनच आपला 'लीडर' आला. अक्षरं तीच, उच्चार दोन, अर्थ दोन. डब्यावर असेल तर ते शिसेच समजा.

तिसरा शब्द फ्री. बाजारात 'एकावर एक फ्री' म्हणजे फुकट. पण 'लेड फ्री' म्हणजे शिसे फुकट नव्हे, शिसे नसलेला! आमच्या गटात एका काकूंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. त्या म्हणाल्या, "मी तर असला डबा परत ठेवला होता, म्हटलं फुकट देतायत म्हणजे काहीतरी खोट असेल."

शिशाचं एवढं भय का? लहान मूल खेळणं तोंडात घालतं. रंगातलं शिसे पोटात जातं आणि मुलाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. मूल दिसायला ठणठणीत असतं, पण शिकणं, लक्ष देणं मागे पडतं. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं शरीर शिसे कितीतरी जास्त शोषून घेतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित, असं म्हणताच येत नाही. भडक पिवळ्या आणि नारिंगी रंगात शिसे असण्याची शक्यता जास्त, कारण तो रंगच पुष्कळदा शिशाच्या क्षारापासून करतात.

आता चौथा शब्द इन्व्हेन्शन. मराठीत आपण सगळ्यालाच 'शोध' म्हणतो. इंग्रजीत दोन शब्द आहेत. आधीपासून असलेली गोष्ट सापडली तर डिस्कव्हरी आणि नसलेली नवी वस्तू घडवली तर इन्व्हेन्शन. शिशाची जोडी इथेही आहे. 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना दिसलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक रसायन मिसळलं की इंजिनाची खडखड थांबते. शिसे घातलेलं पेट्रोल जगभर गेलं. विकताना त्याचं नाव ठेवलं 'इथाइल'. नावात 'लेड' हा शब्दच नव्हता! 1924 मध्ये हे रसायन करणाऱ्या एका ठिकाणी पाच कामगार दगावले, तरी विक्री पुढे अनेक वर्षं चाललीच. गाड्यांच्या धुरातून शिसे हवेत मिसळत राहिलं. आपल्या देशात 2000 सालापासून सगळीकडे फक्त बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. जगातल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसे पूर्ण जायला 2021 साल उजाडलं. एक शब्द नावातून गाळला, तर किती काळ माणसं अंधारात राहतात ते बघा.

पाचवा शब्द पोल्युशन, म्हणजे प्रदूषण. एअर पोल्युशन म्हटलं की आपल्याला शहर आठवतं. पण खेळण्यांचे रंगीत तुकडे आणि भुसा आम्ही कुठे टाकत होतो? चुलीत! शिशाचा रंग जाळला की शिसे धुरातून आपल्याच नाकात जातं. चुलीचा साधा धूरही कमी नाही. त्यातले कण केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतात आणि थेट फुप्फुसात उतरतात. हवेचा दर्जा सांगताना मोबाइलवर 'पुअर' दिसलं तर त्याचा अर्थ गरीब नव्हे, वाईट. 'मॉडरेट' म्हणजे मध्यम आणि 'सिव्हिअर' म्हणजे अतिगंभीर.

आता कामाचं बोलू. घराला द्यायच्या रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, असा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू आहे. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, कारखान्याच्या रंगांना नाही. म्हणून 'इंडस्ट्रियल' हा शब्द दिसला की तो डबा खेळण्यासाठी घ्यायचा नाही. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. खेळण्यांचा धंदा काढायचा असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आपण कशात बसतो ते विचारून घ्या, मग माल घ्या.

आम्ही आता काय करतो? खुळखुळ्यासारखी तोंडात जाणारी खेळणी रंगवतच नाही, नुसती घासून गुळगुळीत करतो. बाकीच्यांना 'लेड फ्री' लिहिलेला रंग. रंगीत तुकडे चुलीत नाहीत, जुना रंग कोरडा खरवडणं नाही, आणि जमीन ओल्या फडक्याने पुसायची. आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं नि शब्द कळला नाही, तर "थांबा हं, विचारून सांगते," असं म्हणायचं. त्यात कमीपणा नाही. न कळता "हो" म्हणण्यात आहे.

गृहपाठ सोपा आहे. या आठवड्यात घरातला एक डबा, बाटली किंवा पाकीट घ्या. फवारणीचं औषध असेल, फिनेल असेल. त्यावरचे पाच इंग्रजी शब्द लेकीकडून, नातवाकडून वाचून घ्या आणि अर्थासकट मराठीत लिहून गटाच्या बैठकीला आणा. आम्ही तो रिकामा डबा बैठकीच्या खोलीत फळीवर ठेवलाय. नवीन आलेल्या प्रत्येकीला आधी तोच वाचायला देतो.

येतो मैत्रिणींनो, पुढच्या तासाला भेटू.