ताप असतांनाच नाडी पाहावी

घरची मोटार असतां परक्याच्या गाडीस हात दाखवावा लागणें, यासारखी फजिती नाहीं. गेल्या श्रावणांत ती आमच्यावर ओढवली. मातोश्रींना घेऊन आम्ही पन्हाळ्यास निघालों असतां वाघबीळच्या चढावर आमची जुनी पेट्रोल मोटार एकाएकीं थांबली. स्टार्टर फिरे, पण एंजिन पेट घेईना. मातोश्रींच्या औषधाची वेळ टळत चालली, म्हणून त्यांना एका सद्गृहस्थांच्या गाडींतून घरीं धाडावें लागलें. अर्ध्या तासानें, कोणी हातही न लावतां, मोटार आपण होऊन सुरू झाली!

पुढें एकानें बॅटरी बदलली, दुसऱ्यानें पेट्रोलचा पंप. पैसे गेले, रोग राहिला. अखेरीस उद्यमनगरांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं एवढेंच विचारलें, “बंद पडली तेव्हां ठिणगी पाहिलीत काय?” आम्ही निरुत्तर झालों.

उद्यमनगरांत डिझेल एंजिनांचें काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. त्या एंजिनांत दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. पेट्रोल एंजिनाचें मात्र ठिणगीवांचून पान हलत नाहीं. ती ठिणगी कॉइल देते. कॉइल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेलीं तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं. पहिल्यांत जाड तारेचे थोडे फेरे, दुसऱ्यांत बारीक तारेचे हजारों. पहिल्यांतील प्रवाह अकस्मात् तोडला कीं दुसऱ्यांत वीस हजार व्होल्टांच्या आसपास दाब उत्पन्न होतो. हें तत्त्व मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधलें; मोटारींत तें रुळविलें अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनीं.

आतां परीक्षेचा क्रम सांगतों. प्रथम बॅटरी व तिचीं टोंकें पाहावीं. मग किल्ली फिरवून कॉइलपर्यंत वीज पोहोंचते कीं नाहीं, तें तपासावें. नंतर कॉइलच्या जाड तारेस स्पार्क टेस्टर लावून तो एंजिनाच्या धातूस पक्का जोडावा. तार हातांत धरूं नये, आणि पेट्रोलचा वास येत असल्यास हा प्रयोग करूंच नये. कॉइलशीं ठिणगी आहे पण प्लगाशीं नाहीं, तर दोष डिस्ट्रिब्यूटरकडे किंवा तारांकडे. कॉइलशींही नसल्यास पॉइंट व कंडेन्सर पाहिल्यावांचून कॉइलला दोष देऊं नये. शेवटीं तारा सोडवून मीटर लावावा. जुन्या कॉइलींत पहिल्या वेटोळ्याचा रोध बहुधा दीड ते चार ओहम, दुसऱ्याचा कांहीं हजार ओहम असतो. मीटरनें अनंत दाखविलें तर तार तुटली समजावें.

आमची कॉइल थंड असतां या परीक्षेंत निर्दोष ठरली. मिस्त्रींनीं एंजिन तापवून बंद पडूं दिलें, आणि लागलींच मीटर लावला: दुसरें वेटोळें खंडित! आंतील तुटका सांधा थंडपणीं जुळे, तापला कीं सुटे. पाळीच्या तापाच्या रोग्यास ताप नसतांना तपासून वैद्यास काय कळणार?

आजच्या मोटारींत बहुधा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. एक बिघडली तर एंजिन थरथरतें, पण सहसा अजिबात बंद पडत नाहीं. अशा मोटारींवर घरगुती प्रयोग न करतां संगणकाचा दोषांक वाचवून घ्यावा.

मोटार कोठें, किती चालल्यावर थांबली व किती वेळानें सुरू झाली, एवढें आम्ही टिपून ठेविलें असतें, तर बॅटरी व पंप दोन्हीं वांचलीं असतीं. आतां गाडींत वही असते. ती ठेवण्याची आज्ञा अर्थातच मातोश्रींची.