आरोळे डॉक्टरांनी दवाखाना बायांच्या हाती दिला



आशाताई दारात येते, गरोदर बाईची विचारपूस करते, यात आता कुणाला नवल वाटत नाही. सरकारी योजना 2005 ची. पण गावच्या बाईनंच गावाचं आरोग्य सांभाळायचं, हे जामखेडला त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. ते सुरू करणारं जोडपं आपल्यातलंच: डॉ. रजनीकांत आणि डॉ. मॅबेल आरोळे.

दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकले. नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात असताना त्यांच्या लक्षात आलं, की बरा होऊन गेलेला माणूस तोच आजार घेऊन परत येतो. हगवण, कुपोषण यांची मुळं गावात होती, दवाखान्यात नव्हे. पुढं अमेरिकेत शिकून 1970 ला ते जामखेडच्या दुष्काळी भागात आले. सुरुवात जनावरांच्या जुन्या दवाखान्यात झाली.

आधी त्यांनी गावोगाव नर्स पाठवल्या, पण ते जमलं नाही. मग गावानंच आपली एक बाई निवडायची ठरलं. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. त्यांनी जामखेडला येऊन शिकायचं, सगळ्या जातींच्या बायांनी एकत्र जेवायचं, एकत्र राहायचं. मला विचाराल तर यातलं सगळ्यात अवघड काम हेच. गोळ्या वाटणं त्यामानानं सोपं. बोअर मारतानाही डॉक्टरांनी दलित वस्तीतली जागा धरली. पाणी पाहिजे तर तिथं या!

जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, साधं बाळंतपण, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं या बाया करू लागल्या. अडलेली बाई तेवढी दवाखान्यात न्यायची. 1971 ला तिथं हजार बाळांमागं 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढं तो आकडा तिशीच्या खाली आला. 1979 ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मॅबेलबाई 1999 ला गेल्या, डॉक्टरसाहेब 2011 ला.

आपल्या मंडळीतलं पोर डॉक्टर झालं की आपण पहिलं विचारतो, दवाखाना कुठं टाकणार? आदिलाबाद का हैदराबाद? आपलं ज्ञान कुणाच्या हाती देणार, हे कुणी विचारत नाही. जामखेडला बाहेरच्यांनाही शिकवतात. पावसाळ्याआधी आपल्या महिला मंडळानं चार बाया तिकडं पाठवाव्यात. प्रवासखर्चाला मी माझा वाटा देतो.

— एक वाचक, मावला