मोकळे ठेवलेले टोक

क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५५मध्ये, इझम्बार्ड ब्रुनेल या अभियंत्याने दार्दानेल्सकाठी रेंकिओइ इथे इंग्लंडहून जहाजाने आणलेल्या लाकडी बराकींचे रुग्णालय उभारले. मधून एक लांब छपराचा मार्ग. रुग्ण वाढले की मार्ग पुढे न्यायचा आणि त्याला आणखी बराकी जोडायच्या. पाणी, सांडपाणी आणि वायुवीजनाची सोय आराखड्यात आधीपासूनच होती. तिथपासून कोविडपर्यंतचे प्रयोग पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते: खाटांचा अंदाज सहसा चुकतो. म्हणून आधीचा पैसा ये-जा करण्याच्या मार्गावर आणि वाहिन्यांवर घालावा.

लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये वास्तुरचनाकार जॉन वीक्स यांनी हेच तत्त्व मानले. १९७०मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात एका अंतर्गत रस्त्याला इमारती जोडल्या आणि त्यांची टोके पुढे वाढवता येतील अशी ठेवली. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये एबरहार्ड झाइडलर यांच्या मॅकमास्टर रुग्णालयाने, १९७२मध्ये, दुसरी वाट धरली: दोन मजल्यांच्या मध्ये फक्त वाहिन्यांसाठी उंच पोकळी. खालचा विभाग चालू ठेवून वरून नळ बदलता येतात. आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे; सगळीकडे अशी पोकळी परवडणार नाही. पण शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांची यंत्रे सर्वांत लवकर बदलतात. निदान तिथे तरी ही पोकळी हवी.

दुसरा आक्षेप २०२०ने पुढे आणला. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर काही आठवड्यांत सुमारे हजार खाटांचे जम्बो कोविड केंद्र उभे राहिले, मग कायमच्या इमारतीत आधीच जागा का अडवायची? कारण साथ ओसरते, पण डायलिसिस, कर्करोग आणि प्रसूतीची गर्दी ओसरत नाही. तिला प्रयोगशाळा, एक्स-रे आणि रक्तपेढी शेजारीच लागते. शिवाय कायमची इमारतही आपत्तीसाठी सज्ज ठेवता येते: शिकागोच्या रश रुग्णालयाने २०१२च्या इमारतीत प्रवेशदालनाच्या खांबांतच ऑक्सिजनच्या जोडण्या दडवल्या. एरवी तिथे लोक बसतात, आपत्तीत तिथेच रुग्ण ठेवता येतात.

आपल्याकडे वाढीची तयारी म्हणजे गच्चीवर उघड्या सोडलेल्या सळया. मला ती अपुरी आणि धोक्याची वाटते. चालू वॉर्डांच्या डोक्यावर तोडफोड झाली की धुळीसोबत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण खाली येतात, आणि केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसांत ते जिवावर बेततात. मुंबईत आडवी जागा नाही, हे मान्य. तिथे मजला चढवावाच लागेल. पण मग लिफ्टचे जास्तीचे कूपक, रुंद वाहिनीमार्ग आणि मोठ्या व्यासाची ऑक्सिजनची मुख्य नळी पहिल्याच निविदेत असायला हवी.